तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरायला सोबत हवी आहे का? (डोंबिवली)

ओवी | २ फेब्रुवारी, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, लिहितेय पहिल्यांदाच. आमच्या गटाच्या कामाबद्दल सांगायचं आहे आणि माणसं जोडायची आहेत. इथल्या नियमाप्रमाणे गटाचं नाव आणि फोन नंबर धाग्यात देत नाही. हवं त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

मी डोंबिवली पूर्वेला राहते, वय २४, नोकरी ऐरोलीला. आमच्याकडच्या जुन्या इमारती ज्यांनी पाहिल्यात त्यांना वेगळं सांगायला नको. तळमजल्यावर तीन नाहीतर चार मजले, अरुंद जिना, लिफ्ट नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी पै-पै साठवून इथे घरं घेतलेली माणसं तेव्हा तिशीत होती. ७:४२ची लोकल पकडायला तीन जिने धडाधडा उतरायची. आता ती ऐंशीच्या घरात आहेत आणि पायऱ्या तेवढ्याच आहेत.

शेजारच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक काकू आहेत. काका गेले, मुलगी बंगळुरूला. कशाची ददात नाही. जेवणाचा डबा येतो, किराणा येतो, औषधं येतात. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात त्यांच्या मुलीचा मला फोन आला, आईला हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत नेशील का म्हणून. मी गेले. खाली उतरायला आम्हाला वीस मिनिटं लागली. फाटकापाशी आल्यावर काकू थबकल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, बदाम तोडला होय इथला?"

ते बदामाचं झाड तोडून सात महिने झाले होते. काकूंच्या खिडक्या मागच्या अंगाला उघडतात, त्यामुळे त्यांना दिसलं नव्हतं. सात महिन्यांत त्या एकदाही खाली आल्या नव्हत्या. आणि मी भिंतीपलीकडे राहून मला ते माहीत नव्हतं.

तिथून सुरुवात झाली. आता आम्ही सतराजण आहोत. काम एकच, सोबत द्यायची. बँक, दवाखाना, चष्म्याचं दुकान, देऊळ, नातीची मंगळागौर, नाहीतर नुसतं बागेत जाऊन बसणं. ठरल्या वेळी दोघंजण घरी येतात, हळूहळू खाली उतरवतात, बरोबर जातात आणि परत वर, दारापर्यंत आणून सोडतात. पैसे घेत नाही. शुश्रूषा, औषधं देणं, पैशांचे व्यवहार करणं, यातलं काही करत नाही, कारण ते आम्हाला येत नाही.

दोन गोष्टी हव्या आहेत. एक, कामाच्या दिवशी सकाळी मोकळे असणारे लोक. आमच्यातले बहुतेक नोकरीवाले, म्हणजे शनिवार-रविवारच मिळतो, आणि बँका-दवाखाने नेमके तेव्हा बरेचदा बंद. दुसरं म्हणजे, तुमच्या जिन्यात असं कुणी असेल, की ज्यांना तुम्ही बऱ्याच दिवसांत खाली पाहिलेलं नाही, तर त्यांच्याबद्दल कळवा.

जुना_डोंबिवलीकर | २ फेब्रुवारी, रात्री ११:०२

वाचून बराच वेळ नुसता बसून होतो. आमची आई चौथ्या मजल्यावर होती. ती शेवटची खाली उतरली ती प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून, मंडळाच्या चार पोरांनी उचलून, दवाखान्यात न्यायला. त्याआधी दीड वर्ष ती घरातच. आम्ही म्हणायचो, कशाला उतरतेस, काय हवं ते सांग, आणून देतो. तिला काही आणून नको होतं, हे आता कळतंय.

मी निवृत्त आहे, मानपाड्याकडे राहतो. सकाळी मोकळा असतो. व्यनि केला आहे.

पारिजातक | ३ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

+१. वाचनखूण साठवली.

लेखापाल | ३ फेब्रुवारी, सकाळी ९:१८

उपक्रम चांगला आहे, म्हणूनच आधी विचारतो. नोंदणी केली आहे का? उद्या काम वाढलं की देणग्या येतील, आणि चांगले गट तिथेच घसरतात. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू आहे. धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर नोंदणी नसली तरी कलम ४१क खाली धर्मादाय आयुक्तांकडे जावं लागतं. गणपती मंडळं वर्गणीसाठी जी परवानगी काढतात ती हीच. शिवाय देणगीदार प्राप्तिकरातल्या सवलतीसाठी ८०जीची पावती मागतात. त्यासाठीचं प्रमाणपत्र हातात नसताना तोंडी "करसवलत मिळेल" असं कुणाला सांगू नका. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती सवलत मिळतच नाही, आणि नवी करप्रणाली घेतलेल्याला तर ८०जीचा काही फायदा नाही.

ओवी | ३ फेब्रुवारी, दुपारी १:४०

@लेखापाल, मनापासून आभार. नोंदणी केलेली नाही आणि म्हणूनच एक रुपयाही घेत नाही. रिक्षाचं भाडं आजी-आजोबा स्वतः रिक्षावाल्याला देतात. आतापर्यंतचा खर्च म्हणजे काही घडीच्या खुर्च्या (त्यांच्याबद्दल पुढे लिहिते), तो आम्ही सहाजणांनी वाटून घेतला. पुढे नोंदणी करावी की असंच राहावं यावर आमच्यात दोन मतं आहेत. तुमच्याशी बोलायला आवडेल.

सावध_वाचक | ३ फेब्रुवारी, रात्री ८:५५

मला थोडं कडू लिहायचंय, राग मानू नका. माझ्या आईसाठी आम्ही एका ब्यूरोकडून बाई ठेवली होती. कागदपत्रं पाहिली, सगळं केलं. दोन महिन्यांनी आईच्या पाटल्या गेल्या. पाटल्यांचं जाऊ दे, आईचा माणसांवरचा विश्वास गेला, तो परत आला नाही. आता अमुक काकू तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात, ही माहिती तुमच्या सतरा जणांकडे आहे. उद्या तीस होतील. त्यातला प्रत्येक जण कसा आहे, हे तुम्ही कसं ओळखता?

ओवी | ३ फेब्रुवारी, रात्री ११:३०

राग कसला. हा प्रश्न विचारायलाच हवा, आणि तुमच्या आईंबद्दल वाचून फार वाईट वाटलं.

आम्ही काय करतो ते सांगते. त्याच इमारतीतल्या किंवा नात्यातल्या कुणी ओळख करून दिल्याशिवाय आम्ही कुणाच्या दाराची बेल वाजवत नाही. पहिल्या भेटीत मुलगा-मुलगी फोनवर समोर असतात. नेहमी दोघंजण, त्यात एक मुलगी असतेच. आमच्या आधार कार्डाच्या प्रती कुटुंबाकडे आणि जवळच्या पोलीस ठाण्यात दिलेल्या आहेत. बाहेरच्या खोलीपलीकडे जायचं नाही. पासबुक, एटीएम कार्ड, कपाटाची किल्ली यांना हात लावायचा नाही, त्यांनी स्वतः दिली तरी. बँकेत खिडकीपाशी त्या उभ्या राहतात, आम्ही मागे बाकावर बसतो. पत्त्यांची यादी तिघांकडेच आहे, बाकीच्यांना त्या दिवसाचा पत्ता फक्त त्या दिवशी कळतो.

आणि फोटो काढायचे नाहीत. एकाने आजींचा हात धरून उतरतानाचा व्हिडिओ टाकला होता. त्याला काढायला सांगितला. तो म्हणाला, प्रसिद्धी झाली नाही तर माणसं कशी येणार? त्याचं म्हणणं अगदी चुकीचं नाही. फोटो नाहीत म्हणून आमच्या कामावर विश्वास बसत नाही, असं मला तिघांनी तोंडावर सांगितलंय. पण घरात एकटं कोण राहतं आणि कुठल्या मजल्यावर, हे आम्हीच जगाला दाखवायचं, तर तुम्हाला जी भीती वाटतेय ती खरी करण्यासारखं आहे. म्हणून असा धागा काढून, शब्दांत सांगतेय.

एवढं करून शंभर टक्के खात्री देता येते का? नाही येत. तुमच्या आईंना कुणाला भेटावंसं वाटत नसेल तर आम्ही येणार नाही. आधी फोनवर बोलू, महिनाभर नुसतं बोलू, चालेल.

शेवंती७८ | ४ फेब्रुवारी, सकाळी ६:१०

मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. ठाण्याला राहते, दुसरा मजला. धागा माझ्यासारख्यांबद्दल आहे म्हणून लिहिते.

पंच्याहत्तरी झालेल्यांना एसटी फुकट आहे, २०२२ पासून. मला फार आनंद झाला होता. माहेर महाडकडचं. पण एसटीत बसायला आगारापर्यंत जायचं, आणि आगारापर्यंत जायला आधी जिना उतरायचा. कार्ड तसंच पाकिटात आहे.

तुम्हा मुलांना एक सांगणं आहे. दवाखान्यात माझ्याबरोबर भाची येते. डॉक्टर तिच्याकडे बघून विचारतात, "यांना काय होतंय? झोप लागते का यांना?" मी समोर बसलेली असते. भाची उत्तर देते, प्रेमाने देते. पण झोप मला लागते की नाही हे मला ठाऊक आहे ना. सोबत करायची तर अर्धं पाऊल मागे राहून करा. मला प्रश्न विचारला की मी उत्तर देईपर्यंत थांबा. मला वेळ लागतो.

ओवी | ४ फेब्रुवारी, सकाळी ८:०५

शेवंतीताई, हे मी आज सगळ्यांना वाचून दाखवणार आहे. मीसुद्धा असं उत्तर दिलेलं आहे. गेल्याच आठवड्यात.

रात्रपाळी | ४ फेब्रुवारी, दुपारी ३:२०

मी भौतिकोपचार करते, खुब्याचं हाड मोडून आलेली म्हातारी माणसं रोज बघते. जिन्यावरचं थोडं सांगते, कारण प्रेमाने हात धरूनही माणूस पडू शकतो.

उतरताना दुखरा पाय आधी, चढताना चांगला पाय आधी. एका पायरीवर दोन्ही पाय आले की मगच पुढची पायरी. सोबतच्या माणसाने नेहमी खालच्या बाजूला राहायचं: उतरताना त्यांच्या पुढे एक पायरी खाली, चढताना मागे एक पायरी खाली. काखेत हात घालून ओढायचं नाही, खांदा निखळतो. आपला हात पुढे करायचा आणि त्यांना धरू द्यायचा. दुसरा हात कठड्यावर. पिशवी, पर्स, फाइल सगळं तुमच्याकडे.

पलंगावरून उठवून लगेच जिन्याकडे नेऊ नका. पाय खाली सोडून दोन-तीन मिनिटं बसू दे. एकदम उठलं की रक्तदाब उतरतो आणि भोवळ येते, त्यातून रक्तदाबाची गोळी चालू असेल तर जास्तच. पायात मागे पट्टा असलेली चप्पल हवी, घरातली सपाता नको. आणि साडी दोन बोटं वर खोचलेली.

उतरताना बोलू नका. पायऱ्या मोजा मोठ्याने, तेवढंच.

निवृत्त_कॅशियर | ५ फेब्रुवारी, सकाळी १०:४५

३४ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी नोव्हेंबरातल्या रांगेसमोर. तुम्ही ज्या हयातीच्या दाखल्यासाठी काकूंना खाली उतरवलंत त्याची गरजच नव्हती. २०१४ पासून जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला आहे, घरबसल्या होतं. म्हाताऱ्या बोटांचे ठसे उमटत नाहीत ही तक्रार होती, तर २०२१ पासून मोबाइलवर चेहरा दाखवून होतं. पोस्टमन घरी येऊन करून देतो. ऐंशीच्या वरच्या केंद्राच्या निवृत्तांना नोव्हेंबरची वाटही बघावी लागत नाही, १ ऑक्टोबरपासून देता येतो. आणि २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना सांगितलंय की सत्तरीच्या वरच्यांना रोख रक्कम, चेकबुक, हयातीचा दाखला या सेवा घरी जाऊन द्या. लोकांना माहीत नसतं, शाखाही आपणहून सांगत नाहीत. तुम्ही मुलांनी ही माहिती घरोघरी पोहोचवा, जिने उतरवण्याचा धोका कशाला पत्करता?

ओवी | ५ फेब्रुवारी, रात्री ९:५०

काका, ही माहिती खरंच मोलाची आहे. ज्यांना उतरणं शक्यच नाही, त्यांच्यासाठी आम्ही ती वापरूही. पण शेवटच्या वाक्यावर मला थोडं बोलायचंय, कारण आमच्या कामाचा गाभा तिथेच आहे.

आता सगळंच घरपोच मिळतं. भाजी, औषध, रक्ततपासणीवाला, बँक, डॉक्टर फोनवर, देवळाची आरती टीव्हीवर. प्रत्येक सोय चांगली आहे, एकेकटी बघितली तर. पण प्रत्येक सोयीबरोबर खाली उतरण्याचं एक कारण कमी होतं. शेवटी एकही कारण उरत नाही, आणि माणूस तीन खोल्यांत राहतो. मग पाय आखडतात, आणि मग उतरायचं म्हटलं तरी उतरता येत नाही. काकूंना त्या दिवशी बँकेतला दाखला घरबसल्या मिळाला असता, तर बदाम तोडल्याचं आणखी किती महिन्यांनी कळलं असतं?

त्यामुळे घरपोच सेवा जे करतात त्याच्या उलट आम्ही करतो. जग घरात आणत नाही, माणसाला घराबाहेर नेतो. काम फुटकळ असलं तरी चालतं. एका आजोबांना दर पंधरा दिवसांनी स्टेशनजवळ जाऊन स्वतःच्या हाताने पेरू निवडायचे असतात. फोनवर मागवलेला पेरू पिकलेला येतो, त्यांना कडक लागतो. एक पेरू दाबून बघतात, परत ठेवतात, दुसरा घेतात. पेरूवाला त्यांना नावाने ओळखतो. आम्ही बाजूला पिशवी धरून उभे.

अटलांटिकपार | ६ फेब्रुवारी, पहाटे ४:२५

न्यू जर्सीहून लिहितोय. आई डोंबिवली पश्चिमेला, तिसरा मजला, वय ८१. घरात कॅमेरा आहे, स्वयंपाकाला बाई आहे, रोज रात्री व्हिडिओ कॉल होतो. माझ्या मते सगळी व्यवस्था चोख होती.

हा धागा वाचून काल आईला विचारलं, तू शेवटची खाली कधी गेलीस? ती म्हणाली, "दसऱ्याच्या आधी असेल." आज फेब्रुवारी आहे. मी रोज बोलतो तिच्याशी. कधी विचारलंच नाही. व्यनि करतोय.

भूमिपुत्र_११ | ६ फेब्रुवारी, सकाळी ११:००

माफ करा, पण मला पटत नाही. आईबापांना सांभाळणं हे मुलांचं काम आहे. तुम्ही ते फुकट करून देता, म्हणजे मुलं आणखी मोकळी. डॉलर कमवायचे तिकडे आणि आईला जिना उतरवायला परक्याची पोरं. २००७ चा कायदा आहे आईवडिलांच्या पालनपोषणाचा, तो दाखवायला हवा अशांना.

अटलांटिकपार | ६ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:४०

तुमचं बोलणं लागलं, पण खोटं आहे असं म्हणणार नाही. आईला इथे आणलं होतं सहा महिने. इथे जिना नव्हता, पण गाडी चालवता येत नाही म्हणजे घराबाहेर जाताच येत नाही. ती म्हणाली, मला माझ्या घरी सोड. परत येण्याचा विचार आम्ही करतोय, पण मुलांच्या शाळा आहेत. तोवर ती खाली उतरावी एवढंच वाटतं.

लेखापाल | ६ फेब्रुवारी, रात्री ७:३०

@भूमिपुत्र_११, तो कायदा पोटगीचा आहे. दुर्लक्ष होत असेल, खायला-राहायला मिळत नसेल, तर साठीवरच्या माणसाला प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, महिना १०,००० पर्यंत निर्वाह भत्ता मिळू शकतो. त्याचं कलम २३ मात्र प्रत्येकाने लक्षात ठेवावं: सांभाळण्याच्या अटीवर घर मुलाच्या नावे केलं आणि त्याने सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण रद्द होऊ शकतं. पण ती अट बक्षीसपत्रात लिहून घ्या. खरोखर छळ होत असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, सकाळी ८ ते रात्री ८. वरच्या मुलाला यातलं काहीच लागू नाही.

शेवंती७८ | ७ फेब्रुवारी, सकाळी ५:५०

माझा मुलगा पुण्याला असतो. वाईट नाही. येतो तेव्हा घाईत येतो, मला उचलून गाडीत ठेवल्यासारखं करतो, कारण त्याला परत जायचं असतं. मुलाबरोबर उतरताना मला भीती वाटते की त्याला उशीर होतोय. परक्या मुलीला वीस मिनिटं लागली तरी ती "चला चला" म्हणत नाही. हा फरक आहे. यात मुलाचा अपमान नाही.

भूमिपुत्र_११ | ७ फेब्रुवारी, सकाळी ९:१५

ताई, या बाजूने विचार केला नव्हता. अटलांटिकपार, तुम्हाला बोललो ते मागे घेतो.

पायरी | ९ फेब्रुवारी, दुपारी १२:१०

ओवी, घडीच्या खुर्च्यांबद्दल लिहिते म्हणाली होतीस.

ओवी | ९ फेब्रुवारी, रात्री १०:२०

हो, राहूनच गेलं. सुरुवातीला आम्ही एका दमात उतरायचो आणि दुसऱ्या मजल्यावर काकूंचा श्वास फुलायचा. मग लक्षात आलं, की त्यांना पायऱ्यांची भीती नाहीये, मध्ये बसायला काही नाही याची आहे. म्हणून प्रत्येक मजल्याच्या वळणावर भिंतीला हूक मारून एक घडीची खुर्ची टांगली. सोसायटीचे सचिव आधी नाहीच म्हणाले, जिना मोकळा हवा, आग लागली तर काय. त्यांचं बरोबर होतं. मग आम्ही त्यांना खुर्ची घडी करून भिंतीला लावून दाखवली, चार बोटंसुद्धा पुढे येत नाही. वापरून झाली की परत टांगायची, ही अट घालून त्यांनी परवानगी दिली.

आता काय झालंय, की त्या खुर्च्या आमच्याशिवायही वापरल्या जातात. दुसऱ्या मजल्यावरची गरोदर वहिनी बसते. भाजीच्या पिशव्या घेऊन चढणारे काका बसतात. आणि काकू गेल्या महिन्यात एकदा एकट्याच पहिल्या वळणापर्यंत उतरून, बसून, परत वर गेल्या. मला संध्याकाळी फोन करून सांगितलं.

सावध_वाचक | १४ फेब्रुवारी, रात्री ९:००

आई फोनवर बोलायला तयार झाली आहे. फक्त फोनवर. व्यनि केलाय.

अटलांटिकपार | गुढीपाडवा, सकाळी ११:५०

आज आई फडके रोडवर होती. पाडव्याची स्वागतयात्रा तिने शेवटची बाबांबरोबर पाहिली होती. पहाटे साडेपाचला जुना_डोंबिवलीकर आणि दोन मुली घरी आल्या, सहाला उतरायला सुरुवात केली. मधे दोनदा बसली. मग रिक्षा, मग एका ओळखीच्यांच्या दुकानाच्या पायरीवर खुर्ची टाकून दिली त्यांनी.

फोटो नाही काढला कुणी. आईनेच मला फोन लावून धरला, तिला धरता येत नाही नीट, त्यामुळे मला बराच वेळ आकाश आणि कुणाचा तरी फेटा दिसत होता. लेझीमचा आवाज येत होता. ती सारखी विचारत होती, "दिसतंय ना तुला?"

आता आमच्या इमारतीत खुर्च्या लावायच्या आहेत, सचिवांशी बोललोय. ओवी, किती उंचीची घ्यायची आणि हूक कुठे मारायचा?

ओवी | गुढीपाडवा, दुपारी १:१०

बैठक जमिनीपासून अठरा इंच. त्याहून बुटकी घेऊ नका, उठताना गुडघ्यांवर जोर येतो. पाठ टेकायला हवीच, नुसतं स्टूल नको. पायांना रबरी बूच आहेत ना ते बघून घ्या. हूक कठड्यासमोरच्या भिंतीला मारा, कठड्याच्या बाजूला नको, कठडा हाताने धरायला मोकळा राहू दे. खांद्याच्या उंचीवर, म्हणजे त्यांना स्वतःला काढता येईल. माप घ्यायला रविवारी आम्ही येतो. आईंना सांगा, चहा नको, पण पाडव्याचं श्रीखंड उरलं असेल तर चालेल.